चुकलेल्या पार्सलांची वही

मशीन आलं तेव्हा मला गोदामात अडीच वर्षं झाली होती आणि महाराष्ट्रातले बहुतेक पिनकोड पाठ झाले होते. मुद्दाम पाठ केले नव्हते. बारकोड वाचणाऱ्या यंत्राला आम्ही गन म्हणायचो. दिवसभर उजव्या हातात गन आणि समोर पार्सलांचा ढीग. लेबलवर गन धरायची, टीं वाजलं की आकडा बघायचा आणि पार्सल त्या त्या जाळीच्या ट्रॉलीत टाकायचं. चारशे पंधरा सातारा, चारशे सोळा कोल्हापूर, चारशे पंचवीस जळगाव. चारशे चव्वेचाळीसने सुरू होणारा आकडा आला की हात क्षणभर रेंगाळायचा, कारण त्यात आमचा वाशीम जिल्हा. लेबलवर गावचं नाव दिसतंय का बघायचे, आणि नसलं तरी बरं वाटायचं.

बी.ए. होऊन मी भावाबरोबर पुण्याला आले होते. हडपसरला गाडीतळाच्या मागे आमच्या दोन खोल्या. भाऊ कारखान्यात जायचा, मी शेअर रिक्षाने सासवड रस्त्याच्या गोदामात. मुलाखत म्हणजे एकच प्रश्न होता, दहा तास उभं राहता येईल का. येईल म्हटलं, झाली नोकरी. लोकांनी मोबाइलवर मागवलेल्या वस्तू आमच्याकडे ट्रकने यायच्या, आम्ही त्या गावांप्रमाणे वेगळ्या करायचो आणि दुसऱ्या ट्रकने त्या निघून जायच्या. एवढंच काम, पण चुकलं की जळगावच्या माणसाचं औषध कोल्हापूरला पोचायचं. त्यामुळे मी ते मन लावून करायचे.

माझ्या समोरच्या टेबलाशी मावशी असायच्या. त्या फुरसुंगीच्याच. गोदाम जिथे उभं आहे तिथे पूर्वी शेत होतं आणि त्या शेतात आपण खुरपायला येत होतो, असं त्या सांगायच्या. वय पन्नाशीच्या पुढे. अक्षरं त्यांना जुळवून वाचावी लागायची, पण आकडे एका नजरेत कळायचे. पहिल्या आठवड्यात मी गोंधळले की त्या न बोलता माझ्या हातातलं पार्सल घ्यायच्या, बरोबर ट्रॉलीत टाकायच्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. कोणाला सांगायच्या नाहीत. माझं शिक्षण तिथे असं झालं.

मशीन बसवायला तीन आठवडे लागले. सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शिफ्ट इनचार्जनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. हे गृहस्थ कसबा पेठेतून रोज स्कूटरने यायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत आणि कोणाला अरेतुरे करायचे नाहीत. त्यांचं बोलणं मात्र लागायचं. ते म्हणाले, "उद्यापासून आपण विचार करण्याचे कष्ट घ्यायचे नाहीत. विचार मशीन करेल. आपण पार्सल ठेवायचं, लेबल वर करून, मध्ये एक हात अंतर सोडून. एवढं जमेल असं मी गृहीत धरतो."

मागून कोणीतरी विचारलं, टेबलावरच्या बाकीच्या लोकांचं काय. ते कॉन्ट्रॅक्टरला विचारा, असं म्हणून त्यांनी सभा संपवली. कॉन्ट्रॅक्टरने काही जणांना पॅकिंगला टाकलं आणि काही जणांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ज्या बायकांबरोबर मी रोज डबा खायचे त्यांतल्या निम्म्या एका आठवड्यात दिसेनाशा झाल्या. मला आणि मावशींना मशीनवर ठेवलं, पार्सलं बेल्टवर मांडायला.

खरं सांगायचं तर मला ते मशीन आवडलं होतं. लांबच लांब काळा बेल्ट. आम्ही या टोकाला पार्सल ठेवायचो. थोडं पुढे गेलं की वरून कॅमेरा त्याचं लेबल वाचायचा. मग बेल्ट चढावर चढायचा आणि वर सरळ धावायचा. तिथे दोन्ही बाजूंना घसरगुंड्या होत्या, एकेका भागासाठी एकेक. पार्सल आपल्या घसरगुंडीसमोर आलं की बाजूने एक पट्टी झटकन पुढे यायची, पार्सल ढकलायची आणि ते खालच्या ट्रॉलीत पडायचं. ज्याचं लेबल वाचता आलं नाही ते बेल्टच्या शेवटच्या टोकाला, उरलेल्या मालाच्या ट्रॉलीत. दिवसभर गन धरून माझा खांदा भरून यायचा, तो पहिल्याच आठवड्यात मोकळा झाला. घरी जाऊन भावाला मी तासभर त्या मशीनबद्दल सांगत बसले होते.

तिसऱ्या आठवड्यात पार्सलं चुकायला लागली. आधी थोडी, मग बरीच. सोलापूरची जळगावच्या ट्रॉलीत, नाशिकची साताऱ्याच्या. पुढच्या गोदामांतून फोन यायला लागले, चुकीच्या पार्सलांचे फोटो यायला लागले. इनचार्जनी दोन दिवस कागद चाळले आणि निष्कर्ष काढला की मांडणारे अंतर सोडत नाहीत. दोन पार्सलं चिकटून गेली की मशीन गोंधळतं, हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. आणि ज्या ज्या तासाला चुका जास्त, त्या त्या तासाला बेल्टच्या दाराकडच्या बाजूला मावशी उभ्या होत्या, हेही त्यांना कागदावर दिसलं.

शनिवारी शिफ्ट संपताना त्यांनी मावशींना बोलावलं. मी शेजारीच होते. ते म्हणाले, सोमवारपासून आपण घरी आराम करा, गरज लागली की कळवू. मावशींनी हातमोजे काढून बेल्टच्या कडेला ठेवले आणि चालायला लागल्या. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले.

फाटकाबाहेर त्या थांबल्या. "म्या अंतर सोडत हुते," त्या म्हणाल्या. "तुला दिसत हुतं न्हवं?"

"दिसत होतं, मावशी."

"मंग तितं का बोलली न्हाईस?"

त्या रागावल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. पदर खोचून त्या फुरसुंगीच्या दिशेने चालत गेल्या, आणि मी रिक्षात बसले. मला नोकरीची भीती वाटली होती, बाकी काही कारण नव्हतं. हडपसर येईपर्यंत मी ते स्वतःशी कबूल केलं. आणि मशीनची चूक मशीनच्याच तोंडून वदवून घ्यायची, हेही ठरवलं. कशी, ते माहीत नव्हतं.

रविवारी मी घराजवळच्या बुद्धविहारात मुलांचा अभ्यास घ्यायचे. तिथल्या कपाटात गणिताच्या चौकटीच्या वह्या होत्या, त्यांतली एक मागून आणली. सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून मी ट्रॉल्या तपासायला लागले. चुकीचं पार्सल सापडलं की वहीत लिहायचं: नंबर, जायचं होतं कुठे, गेलं कुठे. तीन दिवसांत चार पानं भरली, आणि काही म्हणजे काही कळलं नाही. सोलापूरचं एकदा जळगावला, एकदा नागपूरला, एकदा साताऱ्याला. कशाचा कशाला मेळ नाही.

मला वाटत होतं कॅमेरा लेबल चुकीचं वाचतोय. म्हणून मी बेल्टशेजारच्या स्क्रीनवर त्या पार्सलांचे नंबर शोधून पाहिले. सगळीकडे पिनकोड बरोबर वाचलेला होता. मशीनला माहीत होतं की हे पार्सल सोलापूरचं आहे, आणि तरी ते साताऱ्यात पडलं होतं. म्हणजे वाचताना चूक नव्हती, ढकलताना होती. एवढं कळायला तीन दिवस गेले, पण निदान एक शक्यता बाद झाली.

दरम्यान मावशी नसतानाही चुका चालूच होत्या. मी इनचार्जच्या टेबलाशी जाऊन तसं म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे सवय संसर्गजन्य आहे. इतरांनाही लागली." मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही. आपण पीएच.डी. करताय का, असं विचारलं आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं. मी वही उचलून परत आले. रडू येत होतं, पण बेल्ट सुरू होता आणि पार्सलं थांबत नव्हती.

मग मी वेगळं करून बघायचं ठरवलं. चुकलेलं पार्सल बघून उपयोग नव्हता, सगळी पार्सलं कोणत्या क्रमाने गेली ते बघायला हवं होतं. मांडताना लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून मी शिफ्टच्या अर्धा तास आधी जायला लागले. साठ पार्सलं बाजूला काढायची, त्यांचा क्रम वहीत लिहायचा, मशीन सुरू झालं की आधी तीच त्याच क्रमाने मांडायची आणि सुट्टीत प्रत्येक पार्सल कुठे पडलं ते शोधायचं. साठ पार्सलं ट्रॉल्यांतून शोधून काढायची म्हणजे जेवायला वेळ उरत नाही. मी रिक्षात बसून पोळी खायला लागले.

पहिल्या दिवशी साठच्या साठ बरोबर. दुसऱ्या दिवशीही. मी हताश झाले. भाऊ म्हणाला, तू शोधतेस म्हणून ते लपतंय. तिसऱ्या दिवशी मला उशीर झाला. हाताला येतील ती पार्सलं घेतली आणि त्यांत कणकेचं दहा किलोचं पोतं आलं. एरवी मी लहान, हलकी पार्सलंच निवडत होते, उचलायला सोपी म्हणून. ते माझ्या तोवर लक्षातही आलं नव्हतं.

त्या दिवशी साठांतली पाच चुकली. मी ट्रॉल्यांच्या मध्ये जमिनीवर बसले आणि वही मांडीवर घेतली. पोतं क्रमाने एकतिसावं होतं आणि ते कोणत्याच घसरगुंडीत न जाता शेवटच्या, उरलेल्या मालाच्या ट्रॉलीत जाऊन पडलं होतं. बाकीची चार होती सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस आणि तीस. पोत्याच्या आधी गेलेली. सत्ताविसावं पडलं होतं तिथे, जिथे अठ्ठाविसावं पडायला हवं होतं. अठ्ठाविसावं एकोणतिसाव्याच्या जागी. तिसावं पोत्याच्या. मी ते चार वेळा तपासलं. प्रत्येक पार्सल आपल्या मागून येणाऱ्याच्या ट्रॉलीत पडलं होतं.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. चुका सुरू झाल्या त्याच आठवड्यात आमच्याकडे किराणा यायला लागला होता, कणीक, तांदूळ, तेलाचे डबे. आणि मावशींच्या वेळेला चुका जास्त का, तर ट्रकमधून उतरलेली जड पोती त्या दुसऱ्या कोणाला उचलू द्यायच्या नाहीत. तुमच्या कमरा अजून कोवळ्या हायेत, म्हणायच्या. आमचं वजन त्या उचलत होत्या, आणि त्याचाच ठपका त्यांच्यावर आला होता.

मशीन बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर दर गुरुवारी यायची. माझ्याच वयाची मुलगी. इनचार्जना मी विचारलं, मला तिच्याशी दहा मिनिटं बोलायचंय. ते म्हणाले, मॅडम मशीन बघायला येतात, वह्या तपासायला नाही. मी हो म्हटलं आणि गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले. ती आली तेव्हा फोनवर बोलत होती. मी वाट पाहिली. फोन संपल्यावर वही उघडून तिच्यासमोर धरली आणि जमेल तेवढं भरभर सांगितलं.

ती आधी नुसतं हं हं करत होती. मग तिने वही स्वतःच्या हातात घेतली.

"एक मिनिट," ती म्हणाली. "पुढचं पार्सल मागच्याच्या घसरगुंडीत जातंय? प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. आणि जड पोतं मागे असेल तेव्हाच."

ती गाडीत बसलीच नाही. आम्ही दोघी आत आलो. तिने इनचार्जना सांगितलं की सुट्टी संपायच्या आत एक टेस्ट घ्यायची आहे, आणि तिला ते नाही म्हणू शकले नाहीत. तिने खडू मागितला. बेल्ट जिथे मोठ्या रोलरवरून फिरतो तिथलं झाकण काढलं आणि बेल्टवर आणि रोलरवर समोरासमोर एकेक रेघ ओढली. मग मी रिकामे खोके मांडले आणि त्यांच्यामागे दोन पोती, एकाला एक लागून. पोती चढावर आली. सगळे त्या झाकणाशी वाकून बघत होते. रोलर फिरला आणि बेल्ट क्षणभर जागीच राहिला. मग हिसका बसल्यासारखा पुढे निघाला. बेल्ट थांबवून रेघा पाहिल्या तर त्यांच्यात हातभर अंतर पडलं होतं.

तिने मला समजावलं ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण आता मीच ते दुसऱ्यांना सांगते. कॅमेऱ्याखालून गेल्यावर मशीनला पार्सल दिसत नाही. रोलर किती फिरला यावरून ते धरून चालतं की पार्सल आता इथवर पोचलं असेल. रोलर फिरला आणि बेल्ट घसरला, तर मशीनच्या हिशेबाने पार्सल पोचलेलं असतं, प्रत्यक्षात ते मागे असतं, आणि त्याच्या जागी त्याच्या पुढचं उभं असतं. पट्टी येते आणि पुढच्याला ढकलते. मांडणाऱ्याने हातभर काय, चार हात अंतर सोडलं तरी घसरलेल्या बेल्टवर त्याचा भरवसा नाही.

इंजिनिअर इनचार्जना म्हणाली, बेल्टचा ताण वाढवावा लागेल आणि प्रत्येक घसरगुंडीआधी, पार्सल खरंच आलंय का ते बघणारा एक सेन्सर बसवावा लागेल, तोवर जड माल मशीनवर घेऊ नका. ते ऐकत होते. मग माझ्याकडे वळले.

"मावशींचा नंबर आहे का आपल्याकडे?"

"आहे," मी म्हटलं. "पण फोन तुम्ही करा."

हे मी कसं बोलले मला कळलं नाही. इतक्या दिवसांत मी त्यांना उलटं एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मी सांगितला तो नंबर लावला. आमच्या देखत ते बोलले. अहो मावशी, आपण उद्यापासून या, चूक बेल्टची होती. पलीकडून आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आलं.

"मला ठावं हुतं," मावशी म्हणाल्या. "उद्या न्हाई जमायचं. परवा येते."

आणि फोन बंद झाला. इनचार्ज म्हणाले, परवा तर परवा. ते कोणाला माफ करा म्हणाले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पण चौथ्या दिवशी जड मालासाठी मशीनच्या शेजारी एक टेबल लागलं, त्यावर गन आली, आणि त्या टेबलावर कोण असेल ते ठरवताना त्यांनी मावशींना विचारलं. मावशींनी दोन धडधाकट माणसं मागून घेतली. उचलायचं त्यांनी, वाचायचं मी, असं म्हणाल्या.

मला इनचार्जनी स्क्रीनवर बसवलं. मशीन बंद पडलं, अडकलं, चुकलं की मी बघायचं. इंजिनिअरने फोनवरून आणि गुरुवारी येऊन मला बरंच शिकवलं. रोलरचा ताण कसा बघायचा, कॅमेऱ्याची काच कशाने पुसायची, चकाकत्या पिशवीवरचं लेबल का वाचता येत नाही. रात्रीच्या जेवणात मी भावाला सेन्सर समजावून सांगायचे आणि तो म्हणायचा, आता पोळी वाढ.

पण सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सेन्सर बसल्यावर मशीन जवळजवळ चुकेनासं झालं, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला गोदामाने आदल्या वर्षीपेक्षा कमी माणसं घेतली. पूर्वी माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या बायकांपैकी एकीची गाडीतळावर भेट झाली. ती आता एका सोसायटीत झाडलोट करत होती. तुझं बरं चाललंय ना, तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि त्या होकाराने मला त्या दिवशी फार त्रास झाला. मशीन नीट चालायला मीच मदत केली होती. मावशींना मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, बिघडलेलं ठेवलं असतं तर काय ती परत आली असती का, उलट आपल्यालाच घालवलं असतं. हे खरं होतं. त्याने सगळं दुखणं गेलं नाही, पण कामाला बळ आलं.

दीड वर्षाने कंपनीने नगर रस्त्याला दुसरं गोदाम काढलं आणि तिथल्या मशीनवर मला पाठवायचं ठरलं. इनचार्जनी बोलावून सांगितलं. मी म्हटलं, जाईन, पण पहिला दिवस मला हवा तसा द्या, मांडणाऱ्या बायकांना आधी मशीन आतून दाखवायचंय. ते म्हणाले, सहल काढताय का. मी म्हटलं, हो, सहलच समजा. त्यांनी हसू दाबलं आणि कागदावर सही केली.

नव्या गोदामात पहिल्या सकाळी पंचवीसएक बायका होत्या. कोणी वाघोलीच्या, कोणी बीडकडून आलेल्या, दोघी तर आमच्याच वऱ्हाडातल्या. मी एकेक झाकण काढायला लावलं. रोलर दाखवला, बेल्ट हाताने ताणून दाखवला, ढकलणारी पट्टी बंद ठेवून तिच्यावर हात फिरवायला लावला. आधी सगळ्या लांब उभ्या होत्या, मग वाकून बघायला लागल्या. मी सांगितलं की पार्सल चुकलं तर आधी लिहून ठेवा, कोणाच्या मागे कोण होतं ते, आणि थेट माझ्याकडे या.

बीडची एक बाई शेवटी उभी होती. तिने विचारलं, "ताई, मधेच लाइट गेली तर? परत आल्यावर मशीनला आठवतं का कुठलं पार्सल कुठं होतं ते?"

मला माहीत नव्हतं. जुन्या गोदामात जनरेटर लगेच सुरू व्हायचा, त्यामुळे ती वेळ कधी आली नव्हती. मी तसं सांगितलं. मग बेल्टवर वीस पार्सलं मांडायला लावली, ती चढावर पोचली तेव्हा मेन स्विच बंद केला आणि तिला म्हटलं, आता तूच चालू कर, बघू या.